वळणावरची रेष

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं ही एक शिक्षाच होती. कलकत्त्याच्या बागबाजारमधल्या गल्ल्यांमध्ये घरांच्या भिंती सरळ अशा नसतातच. कुणाचा ओटा पुढे आलेला, कुणाचं दार मागे गेलेलं, मध्येच एखाद्या जुन्या इमारतीचा खांब थेट फुटपाथवर उभा. आपण अशा वेळी नाकासमोर चालतो. ते तसं चालत नसत. भिंतीपासून हातभर अंतर राखून ते चालत, आणि भिंत जिथे आत जाई तिथे तेही आत जात. ओटा आला की ओट्याला वळसा. बंद दुकानाचा कोनाडा आला की त्यात शिरून पुन्हा बाहेर. गल्लीतली पोरं त्यांच्या मागे रांग लावून तशीच चालत आणि फिदीफिदी हसत. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, लोक बघताहेत. तर अगदी अडचणीत सापडल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "माझं अंतर सुटत नाही हो. मी काय करू?"

ते आमच्या ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन. डलहौसी भागात एका जुनाट इमारतीच्या चौथ्या मजल्यावर रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे तयार करणारी एक खाजगी कंपनी होती. सत्तर साल उजाडायच्या थोडं आधी माझ्या नवऱ्याची कलकत्त्याला बदली झाली. दोन खोल्यांत बसून भिंती बघायचा मला कंटाळा आला. लग्नाआधी पुण्यात ट्रेसरचा, म्हणजे नकाशे गिरवण्याचा, कोर्स केला होता, म्हणून अर्ज टाकला. मुलाखत त्यांनीच घेतली, आणि तेही मराठीच. माझं आडनाव वाचून त्यांना सगळं कळलं असणार, पण एक शब्द मराठीत बोलले नाहीत. मोडक्या इंग्रजीत मी त्यांना उत्तरं देत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, किती हा शिष्टपणा.

पुढे कळलं की तो शिष्टपणा नव्हता, नियम होता. ऑफिसात सगळे त्यांना बडोबाबू, म्हणजे मोठे बाबू, म्हणत; काका मी पुढे म्हणायला लागले. तेही सगळ्यांशी बंगालीत बोलत, कारण त्यांचा जन्मच तिथला. आजोबा कधीतरी नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले ते तिथलेच झाले. माझ्याशीही ते बंगालीत किंवा इंग्रजीत बोलायचे. ऑफिसात मराठी फक्त रागवायला वापरायचे. चारचौघांत माझी अब्रू जाऊ नये म्हणून. त्यामुळे ते माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात "हे बघा बाई" असं म्हणाले की मी हातातलं पेन खाली ठेवायचे.

पहिलं "हे बघा बाई" पहिल्याच आठवड्यात आलं. आमच्या कामात ऑफसेट हा शब्द उठता-बसता यायचा. रस्त्याची एक मधली रेष असते. तिच्यापासून ठरलेल्या अंतरावर रस्त्याची कड काढायची, तिला ऑफसेट म्हणायचं. मला एका नागमोडी रस्त्याची कड काढायला दिली होती. मी डोकं चालवलं. मधली रेष आधीच काढलेली होती, तिच्यावर ट्रेसिंगचं पारदर्शक कापड ठेवलं, ते सरळ बाजूला सरकवलं आणि तीच रेष पुन्हा गिरवली. अर्ध्या तासात काम खलास. दिसायलाही देखणं. त्यांनी ते कापड उचललं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बंगालीत "छान झालंय" म्हणाले, आणि मग वाकून मराठीत:

"हे बघा बाई. तुम्ही रेष सरकवलीत. सरळ रस्त्यावर हे खपेल. वळणावर तुमचा रस्ता चिमटला. रेष सरकवायची नसते. तिच्या प्रत्येक बिंदूपाशी जाऊन काटकोनात उभं राहायचं आणि तिथून अंतर मोजायचं. ते खरं अंतर. बाकी सगळी थाप."

मग खिशातून डिव्हायडर काढला. त्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी औषधाच्या बाटलीची बुचं लावलेली असत. ती काढून ठेवली आणि दोन पायांवर त्या डिव्हायडरला माझ्या रस्त्यावरून चालवत नेलं. सरळ भागात त्याचा पाय बरोबर कडेवर पडत होता. वळण आल्यावर पाय कडेच्या बाहेर पडला. मला लाज वाटली आणि रागही आला. त्यांनी स्वतः ब्लेड घेऊन माझी रेष खरवडून काढली. इतक्या हलक्या हाताने की कापडावर ओरखडा उठला नाही.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. हाताखालच्या माणसांना तासन्‌तास उभं करत. एखाद्याने रेष जाड काढली तर दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. डब्यातली पोळी कडेकडेने गोल खात आत जात आणि शेवटी मधला रुपयाएवढा तुकडा राहिला की तो बाजूला ठेवून देत. का, ते मी कधी विचारलं नाही. ट्राममध्ये शेजारी कुणी टेकून बसला की उठून उभे राहत. लोड शेडिंगमुळे दिवे गेले की सगळे खुर्च्या सरकवून गप्पा मारायला लागायचे. हे अंधारात आपल्या बोर्डासमोर तसेच बसून, दिवे येईपर्यंत, टी-स्क्वेअरच्या लांब पट्टीवर हात ठेवून. जणू काही हात काढला तर रेष पळून जाईल.

पण एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं आणि तिथे मला काकू भेटल्या.

काकू मूळच्या वाईच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, बंगाली एक अक्षर येत नव्हतं, आणि मी भेटले तेव्हाही फारसं येत नव्हतं. दारात मला बघून त्यांनी माझा हात धरला तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. किती दिवसांनी कुणी बाईमाणूस मराठीत बोलतंय, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आतून काकांचा आवाज आला, "अगं, त्यांना चहा खायला दे." माझा नवरा माझ्याकडे बघून हसला. काकांच्या मराठीत, बंगालीतल्यासारखी, माणसं चहाही खायची आणि पाणीही खायची. काकूंनी ते सुधारणं कधीच सोडून दिलं होतं.

घर लहानसं, एकमजली, रस्त्याच्या अगदी वळणावर. त्या बाजूला पूर्वी मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक सुरू व्हायचा. काका म्हणायचे, "आपल्याला अडवायला खणला आणि आपणच काठावर येऊन राहिलो." शेजारीपाजारी त्यांना गमतीने बर्गी म्हणत, म्हणजे लुटायला आलेला मराठा. ते ऐकून काकांना राग येत नसे, उलट बरं वाटत असावं.

घरातली मोठी खोली काकांची होती, पण खरं घर म्हणजे स्वयंपाकघर. वळणाच्या टोकाला असलेली लांबट खोली, लाल गुळगुळीत कोब्याची जमीन, आणि टोकाला एक गजांची खिडकी. खिडकीबाहेर वीतभर बोळ आणि त्यापलीकडे दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिथे एक बंगाली बाई राहायच्या. सगळे त्यांना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे, म्हणून काकूही बौदी म्हणायच्या. या दोघी सकाळपासून बोलायला लागायच्या. काकू मराठीत, बौदी बंगालीत. मी चक्रावून ऐकत राहायचे. काकू सांगायच्या की आज डाळ शिजतच नाही, बौदी सांगायच्या की त्यांच्या सासूने काय तमाशा केला, आणि दोघींचं कसं कुणास ठाऊक पण बरोबर जुळायचं. एकीचा आवाज उतरला की दुसरी हातातलं काम थांबवायची. गजांमधून वाट्या जायच्या यायच्या. काकूंच्या घरातल्या सगळ्या वाट्या लहान होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, मोठी वाटी गजातून जात नाही ना.

काकूंना मूलबाळ नव्हतं. नवरा दिवसभर रेषांमध्ये आणि घरी आल्यावरही रेषांमध्ये. सगळं आयुष्य त्या खिडकीत चाललं होतं. हे मी तेव्हा इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं, पण पुढे जे झालं ते समजायला एवढं पुरेसं आहे.

आमची बदली आज होईल उद्या होईल म्हणता म्हणता दहा वर्षं होत आली. एव्हाना शहरात भुयारी रेल्वेसाठी रस्ते खोदायला सुरुवात झाली होती, आणि वाहतूक दुसरीकडून वळवायची म्हणून उत्तर भागातले काही रस्ते रुंद करायची एक योजना निघाली. त्यातल्या एका रस्त्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं. तो काकांच्या घरावरून जाणारा रस्ता. रुंदी एकाच बाजूला वाढवायची होती, काकांच्या घराच्या बाजूला. सगळे घाबरले, मीही घाबरले. पण अंतर ठरलेलं होतं आणि त्या अंतरात रस्त्यालगतचे ओटे आणि पत्र्याची दुकानं जात होती, घरं वाचत होती. निदान तसा अंदाज होता.

त्या कामात आमच्या चीफ साहेबांनी एक नवीन गोष्ट करायची ठरवली. एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये भोकं पाडलेली पंच कार्डं देऊन यंत्राकडून रेषा काढून घ्यायच्या. पेन धरलेला एक हात कागदावर आपोआप फिरतो आणि नकाशा काढतो, असं आम्ही ऐकलं होतं. ऑफिसात एकदम सुतकी वातावरण. यंत्र आलं की आपल्या नोकऱ्या गेल्या, म्हणून युनियनच्या सभा, जिन्यात पोस्टरं. बडोबाबूंना कुणीतरी विचारलं तुमचं काय मत, तर म्हणाले, पेन कुणाच्या हातात आहे त्याने मला फरक पडत नाही, रेष बरोबर येते का ते सांगा.

नकाशा गुंडाळी होऊन आला. आम्ही सगळे भोवती जमलो. खरं सांगते, असं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. एकाच जाडीची रेष, कुठे थरथर नाही, कुठे शाई फुटलेली नाही. चीफ साहेब खूश. म्हणाले शाईत गिरवा आणि पाठवून द्या. बडोबाबूंनी नकाशा बोर्डावर पसरला. खिशातून डिव्हायडर काढला, बुचं काढून शर्टाच्या खिशात टाकली, आणि रस्त्याच्या एका टोकापासून चालायला सुरुवात केली. सरळ भाग बरोबर. पुढचाही सरळ भाग बरोबर. मग वळण आलं, बागबाजारचं, आणि डिव्हायडरचा पाय रेषेच्या बाहेर पडला. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. मग माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत ऑफिसात ते हसलेले मी पाहिलेच नव्हते.

"हे बघा बाई," ते मराठीत म्हणाले. "यंत्रानेही तुमच्यासारखंच केलं."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या सेंटरमध्ये गेले. मला कशाला, तर अशी चूक माणूस का करतो ते मला माहीत आहे म्हणून. बाहेर चपला काढायला लागल्या. आत इतकं गार की मी पदर लपेटून बसले. प्रोग्रॅम लिहिणारा बंगाली तरुण सभ्य होता. त्याने वाद घातला नाही. कार्डं चाळली, कागदावर चार ओळी लिहिल्या आणि स्वतःच कपाळावर हात मारला. रस्ता सरळ दक्षिणोत्तर जातो असं धरून त्याने प्रत्येक बिंदू पूर्वेकडे तेवढाच सरकवला होता. जिथे रस्ता खरोखर दक्षिणोत्तर होता तिथे रेष बरोबर पडली. जिथे तो तिरका वळला तिथे रुंदी कमी झाली. दुरुस्ती सोपी आहे, म्हणाला, पण यंत्राची वेळ आता पंधरवड्याने मिळेल. आम्हाला नकाशा त्याच आठवड्यात द्यायचा होता. तेव्हा एवढं वळण हाताने काढायचं ठरलं. ते बडोबाबूंनी स्वतःकडे घेतलं.

दोन दिवस ते त्या वळणावर बसले होते. प्रत्येक बिंदूपाशी काटकोन, प्रत्येक काटकोनावर अंतर. तिसऱ्या दिवशी कागद माझ्या टेबलावर आला. मी शाई भरून रूलिंग पेन हातात घेतलं आणि पाहिलं तर यंत्राच्या रेषेच्या बाहेरून, तिच्यापासून दूर जात, पेन्सिलीची नवी रेष वळत होती. नकाशावर घरं नुसत्या चौकटी असतात. पण वळणावरची लांबट चौकट मी ओळखली. नवी रेष तिच्या टोकाच्या भागातून आरपार गेली होती. मोठी खोली वाचत होती. जात होतं ते फक्त स्वयंपाकघर.

मी पेन खाली ठेवून त्यांच्या बोर्डापाशी गेले. काही विचारायच्या आधीच ते मराठीत बोलले. रागवायला नव्हे, आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण रागाचा नव्हता.

"दिसलं मला. चुकीच्या रेषेत वाचत होतं. बरोबर रेषेत जातं."

मी म्हटलं, काका, मग राहू द्या ना यंत्राची रेष. सगळ्यांना ती आवडलीय. यावर ते मला म्हणाले की वळणावर तर रस्ता जास्त लागतो, दोन बसगाड्या तिथे समोरासमोर आल्या तर काय करायचं. मग टी-स्क्वेअर पुसत बसले. मला वाटलं यांना काकूंची आठवणही नाही.

मी सरळ चीफ साहेबांकडे गेले. चीफ साहेब भला माणूस. त्यांनी बडोबाबूंना बोलावलं आणि दार उघडंच ठेवून समजावलं की त्या वळणावर कुणीही डिव्हायडर लावून बघणार नाही, यंत्राची रेष तशीच जाऊ द्या, जबाबदारी माझी. बडोबाबूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ठीक आहे, फक्त खाली 'काढणार' या चौकटीत माझ्या नावाऐवजी तुम्ही सही करा. चीफ साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. सही त्यांनी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती रेष मीच शाईत गिरवली.

इथपर्यंत ठीक होतं. असं वागलेली माणसं जगात असतात, त्यांच्याविषयी लोक आदराने बोलतात. पण काकांचं खरं वेड इथून पुढे सुरू झालं.

त्या शनिवारी ते घरी आले ते सुतळी, टेप आणि खडू घेऊन. काकूंना काही सांगितलेलं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध एक पोऱ्या टेपचं टोक धरून उभा केला, ओट्यावरून, दारातून मोजत मोजत आत आले, आणि लाल जमिनीवर, चूल आणि पाण्याच्या माठाच्या मधून, खडूने एक रेष मारली. काकूंना वाटलं कसलं तरी पूजेचं आहे. त्यांनी विचारलं, हे काय? काका म्हणाले, इथून रस्ता. खिडकी रस्त्यात गेली होती. चूलही.

काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन पुसली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर काकांनी पुन्हा मोजून रेष मारली. काकूंनी पुन्हा पुसली. असं कित्येक आठवडे चाललं. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते. मी गेले की काकू चहा करता करता त्या रेषेवर पाय पडणार नाही असं चालायच्या. एवढी सवय झाली होती. काकांनी तर जेवायला त्या बाजूला बसणंच सोडलं. आपलं ताट रेषेच्या अलीकडे, आणि काकू वाढायला पलीकडे. एकदा ताकाचं भांडं मागताना म्हणाले, "तू रस्त्यात बसली आहेस." मला हसू आलं, मी काकूंकडे बघितलं आणि माझं हसू गेलं.

दुर्गापूजेच्या आधी घराला चुना लावायचा होता. त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं, रेषेपर्यंतच लाव. अर्धं स्वयंपाकघर पांढरं, अर्धं काळवंडलेलं. बौदींनी खिडकीतून ते पाहिलं आणि त्या दिवशी गजांमधून एकही वाटी आली नाही.

मी एका रविवारी तोंड सोडलं. म्हटलं, काका, सरकारची नोटीस आलेली नाही, कुणी मोजायला आलेलं नाही, शहरातल्या दहा योजनांपैकी किती पुऱ्या होतात ते तुम्हालाच जास्त माहीत आहे, मग काकूंचा असा छळ कशाला? त्यांना ते पटत नव्हतं असं नाही. मग म्हणाले:

"नोटीस द्यायला त्यांना वेळ लागेल. मला आत्ताच माहीत आहे, मी काय करू?"

फुटपाथवर अंतर सुटत नाही म्हणून सांगणारा तोच चेहरा. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

खडू रोज पुसला जातो म्हणून पुढे त्यांनी स्टीलची पट्टी थोडी थोडी वळवत डिव्हायडरच्या टोकाने ती रेष कोब्यात कोरली. काकू म्हणे उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी फडकं हातात घेतलं नाही. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा रेषेवर एक पाट ठेवलेला होता आणि काकू मोठ्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या, दिवसाढवळ्या, हात मांडीवर घेऊन. त्यांना तसं रिकामं बसलेलं मी प्रथमच पाहत होते. काका आले तेव्हा त्या माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या:

"चला, जाऊ या आपण इथून. मला रस्त्यात स्वयंपाक करवत नाही."

काकांनी मान डोलावली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. घर घेणाऱ्याला त्यांनी पाट उचलून रेष दाखवली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. तो हसला आणि त्याने घर घेतलं.

ते विमानतळाजवळ डमडमला राहायला गेले. तिसऱ्या मजल्यावरची सरकारी रंगाची जागा. स्वयंपाकघराला खिडकी होती, पण समोर दुसऱ्या इमारतीची कोरी भिंत. डोक्यावरून विमानं जायची. विमान जात असलं की काकू बोलता बोलता थांबायच्या, आणि ते गेल्यावर कुणीतरी उत्तर देईल अशी वाट बघत राहायच्या. मी रविवारी जायचे. आधी दर रविवारी, मग जमेल तसं. काकू माझ्याशीही कमी बोलायला लागल्या होत्या. लहान वाट्या मात्र फळीवर ओळीने मांडून ठेवलेल्या असत.

एकदा बौदी भेटायला आल्या. बस बदलून, नवी साडी नेसून, मिठाईचा डबा घेऊन. मी तिथेच होते. दोघी समोरासमोर खुर्च्यांवर बसल्या, हातात कपबशा. आणि दोघींना काही बोलायलाच सुचेना. इतकी वर्षं रोज तोंड चाललेल्या त्या दोन बायका पाहुण्यांसारख्या बसून राहिल्या. काकू मधूनच मराठीत काहीतरी म्हणायच्या, बौदी न समजल्यासारखं हसायच्या. हातांत काम नव्हतं, मध्ये गज नव्हते, चुलीवर काही नव्हतं. तासाभराने बौदी उठल्या. जिन्यात त्यांनी डोळे पुसले आणि मला बंगालीत म्हणाल्या की दीदी फार लांब गेली. दोघी एकाच खोलीत बसल्या होत्या, तरी मला त्यांचं म्हणणं कळलं.

दुसऱ्या थंडीत काकू गेल्या. न्यूमोनिया झाला एवढं डॉक्टरने सांगितलं. मला त्यापलीकडचं ठाऊक होतं आणि काकांनाही असणार. त्यांनी काकूंच्या सगळ्या वाट्या धुऊन पुसून पुन्हा फळीवर ठेवल्या, प्रत्येकीमध्ये सारखं अंतर ठेवून. मी ते बघितलं आणि मला राग आला, आणि मग मात्र रडू आलं.

रस्त्याचं काय झालं ते ऑफिसात सगळ्यांना केव्हाच माहीत होतं. कलकत्त्यात योजना रद्द होत नसत, त्या नुसत्या पडून राहत. आमचा नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात जाऊन स्टोअरमध्ये पडला होता. काका तेव्हा निवृत्त झालेले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकूंचे दिवस झाल्यावर मी एकदा गेले आणि सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस कोसळेल. मला ते हवं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

ते खिडकीपाशी उभे होते. मग वळून म्हणाले, "पण रेष बरोबर होती ना?"

विचारत होते. खरोखर विचारत होते. त्यांना उत्तर देऊ शकेल असं आता मीच उरले होते. मी हो म्हणाले, कारण ती बरोबर होती. आजही माझा राग तिथेच अडकून बसला आहे. ती चुकली असती तर मी त्यांना केव्हाच माफ करून मोकळी झाले असते.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. निघायच्या आधी मी बौदींना भेटायला बागबाजारला गेले. त्या म्हणाल्या चल, आणि मला शेजारच्या घरात घेऊन गेल्या. तिथे आता एक तरुण बंगाली जोडपं राहत होतं. बाई मनमोकळी होती. तिने मला स्वयंपाकघरात नेलं. भिंती सगळ्या एकाच रंगाच्या केल्या होत्या. खिडकीसमोर तिने धान्याचे डबे ठेवायला कपाट लावलं होतं. समोरच्यांचा धूर येतो म्हणाली, आणि मग बौदी शेजारीच उभ्या आहेत हे आठवून ओशाळली. बौदी हसल्या.

जमिनीवर कपाटापासून दारापर्यंत ती रेष होती. बारीक, सरळ जाता जाता किंचित वळलेली, कारण रस्ता तिथे वळत होता. लाल कोब्यात काळी बसली होती. चूल तिच्या पलीकडे, पिठाचा डबा अलीकडे. त्या बाईने मला विचारलं, हे काय आहे हो, कितीही घासलं तरी जात नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. बाहेर आले तर वळण होतं तसंच होतं. ओटे होते, पत्र्याची दुकानं होती, दोन बसगाड्या समोरासमोर अडकून हॉर्न वाजवत होत्या. सगळ्या शहरात तो रस्ता कुठेच झाला नाही. फक्त काकूंच्या स्वयंपाकघरात झाला.